दुसऱ्याची विद्यार्थिनी

भाषेच्या बाई अक्षर झाकूनही वही ओळखत. सव्वीस वर्षं निबंध तपासल्यावर कुणाचं वाक्य तिसऱ्या ओळीत दमतं, कोण ‘परंतु’शिवाय पुढे सरकत नाही आणि कुणाच्या वहीवरून वडिलांचा हात फिरलाय, हे त्यांना पहिल्या परिच्छेदातच कळायचं. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत अकरावीच्या वह्या तपासताना त्यांचं लाल पेन थबकलं ते चुकीमुळे नव्हे. त्या वहीत एकही चूक नव्हती. अक्षर वकीलबाईचं होतं. वाक्यं तिची नव्हती.

वकीलबाई हे नाव बाईंनीच ठेवलेलं. आठवीत ही मुलगी पहिल्याच तासाला उभी राहून म्हणाली होती, “बाई, पण झाडाला दुःख झालं हे कवीला कुणी सांगितलं?” वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला उत्तर दिलं, तिनं त्यावर आणखी एक प्रश्न काढला, आणि घंटा होईपर्यंत दोघींचं चालूच राहिलं. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती बाईंच्या घरी यायची, कपाटासमोर मांडी घालून बसायची आणि दोन पुस्तकं नेऊन दोन परत आणायची. बाईंचा स्वतःचा मुलगा दूर नोकरीला होता, आणि तो पुस्तकाला हात लावायचा तो फक्त बसायला जागा करण्यासाठी. त्यामुळे बाईंच्या आयुष्यातला बराचसा शनिवार या मुलीनं व्यापला होता.

गेले पाच शनिवार ती आली नव्हती. आणि आता हा निबंध. विषय साधा होता, ‘माझी गल्ली’. त्यात लिहिलं होतं, ‘आमच्या सहनशीलतेला दुबळेपणा समजले गेले आहे. पुलापलीकडून आलेल्यांनी आमचे जे हिरावले, ते परत घेण्यासाठी जागे होण्याची वेळ आली आहे.’

पुलापलीकडची माणसं म्हणजे वीस वर्षांपूर्वी नदीच्या त्या काठावरून इकडे राहायला आलेली कुटुंबं. त्यांची बोलायची ढब थोडी निराळी, बाकी सगळं सारखंच. वर्गात त्यांची सात-आठ मुलं होती.

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. वकीलबाई कधी ‘समजले गेले आहे’ असं लिहायची नाही. ती विचारायची, समजलं कोण? हे दुसऱ्या कुणीतरी शिकवलेलं होतं. मजकूर भयंकर आहे, हे बाईंच्या मनात नंतर आलं. आधी आलं ते एवढंच, की हिला दुसरं कुणीतरी शिकवतंय.

संशय लगेच गणिताच्या मॅडमवर गेला. त्या जूनपासून नव्यानं आल्या होत्या, वय अठ्ठावीसच्या आसपास, पायात कायम कॅनव्हासचे बूट. मुलं त्यांच्याभोवती घोळका करायची. मागच्याच आठवड्यात वकीलबाई जिन्यात त्यांच्याशी काहीतरी बोलताना बाईंनी पाहिली होती, आणि तेव्हापासून ते चित्र डोळ्यात खुपत होतं.

मधल्या सुट्टीत मॅडम डबा उघडत असताना बाई म्हणाल्या, “आमच्या वकीलबाईला तुम्ही आता निबंधही शिकवायला लागलात वाटतं.”

मॅडमनी घास हातातच ठेवला. “मी? नाही हो बाई. उलट मीच तुम्हाला विचारणार होते. तिचं काय बिनसलंय?”

“बिनसायचं काय?”

“ती चिमणीशेजारून उठली ना.”

चिमणी म्हणजे वकीलबाईच्या बाकावरची मुलगी. बारीक आवाजाची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पुलापलीकडची. चार वर्षं दोघी एका बाकावर होत्या.

“कधी उठली?”

“तीन आठवडे झाले. आता ती खिडकीपाशी एकटी बसते. जिन्यात मी तेच विचारत होते तिला. म्हणाली, मला उजेड लागतो.”

रोज त्याच वर्गावर जाऊनही बाईंना ते दिसलं नव्हतं. मुलगी आपल्याकडे बघते की नाही एवढंच त्या बघत होत्या. ती कुणाशेजारून उठली हे नव्या मॅडमला कळलं आणि आपल्याला नाही, हे त्यांच्या असं काही जिव्हारी लागलं की पुढच्या तासाला त्यांनी करू नये ते केलं.

वह्या वाटताना वकीलबाईची वही त्यांनी हातात ठेवली आणि सगळ्यांसमोर तो परिच्छेद वाचून दाखवला. नाटकातला सेनापती बोलतो तशा आवाजात वाचला. “‘जागे होण्याची वेळ आली आहे.’ वा. आमची वकीलबाई आता पोपटपंची करायला लागली. कुणाकडून पढवून आणलंस, सांग तरी. त्या गुरुजींची फी तरी किती?”

वर्ग खदखदून हसला. वकीलबाई उठली, दप्तर घेतलं आणि दारातून निघून गेली. तिनं दार आपटलंही नाही. बाईंना तेव्हाच कळलं की काहीतरी तुटलं. पण वर्ग हसत होता, आणि हसणाऱ्या वर्गासमोर आपली चूक कबूल करणं त्यांना सव्वीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. चिमणी मान खाली घालून बाकाच्या कडेचं सालपट नखानं काढत होती. तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

वकीलबाई चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. घर म्हणजे लाँड्रीच्या मागची खोली. आई पुढे दुकान बघायची. जवळच्या दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे धुवायला यायच्या आणि दिवसभर इस्त्रीची वाफ दुकानभर कोंडलेली असायची. वडील बाटल्यांच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, वर्षानं पुन्हा सुरू झाला, पण त्यांना परत बोलावलं नाही. ते आता दुसऱ्या गावी गोदामावर रखवालदार होते आणि दोन महिन्यांनी एकदा घरी यायचे.

“शाळेत येत नाही?” आई चकित झाली. “रोज डबा नेते की हो बाई. आणि तिथून परस्पर अभ्यासिकेत जाते.”

“कसली अभ्यासिका?”

“सायकलच्या दुकानावर एक दादा चालवतात. फुकट शिकवतात पोरांना. फार चांगला माणूस. परवा माझ्या गुडघ्यासाठी मलम पाठवलं त्यांनी. मी इथे रात्रीपर्यंत अडकलेली, पोरगी चार माणसांत असते तेवढंच बरं.”

बाई तडक सायकलच्या दुकानाकडे निघाल्या. रस्ताभर त्या मनात वाक्यं जुळवत होत्या. समोरचा माणूस अडाणी असेल, आरडाओरडा करणारा असेल, त्याला दोन वाक्यांत गार करू, असं त्यांनी ठरवलं होतं.

तो तसा नव्हता. तिशीचा, स्वच्छ सदरा, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागायचं. वर वीस-बावीस मुलं सतरंजीवर बसली होती. तो एकेकाजवळ जाऊन बसत होता. “तुझ्या भावाचा ताप उतरला का?” “काल तू म्हणालास त्यावर मी रात्री विचार केला. तुझं बरोबर होतं.” मुलाचा चेहरा कसा उजळतो हे बाईंनी दारातून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या माणसाचा राग येण्याआधी हेवा वाटला. त्यांनी शेवटचं कुठल्या मुलाला ‘तुझं बरोबर होतं’ म्हटलं होतं? वकीलबाईला सोडून बाकीच्यांना त्या काय विचारत होत्या? समास ओळखा, एवढंच.

वकीलबाई भिंतीपाशी टेबलावर काहीतरी लिहीत होती. तिनं बाईंना पाहिलं आणि मान वळवली.

“या, बाई,” दादा अदबीनं म्हणाला. “वकीलबाई तुमच्याबद्दल फार बोलायची.”

बोलायची. आणि वकीलबाई. ते नाव त्यांनी ठेवलेलं होतं, ते याच्या तोंडी होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तयार केलेली वाक्यं त्यांनी सोडून दिली.

“तिला शाळेत पाठवा,” एवढंच त्या म्हणाल्या.

“मी कोण पाठवणारा? तिथे तिला हसतात म्हणे. इथे कुणी हसत नाही.”

बाईंनी नजर भिंतीकडे वळवली. तिथे मोठा कागद चिकटवला होता. त्यावर गल्ल्यांची नावं, खाली घरांचे आणि दुकानांचे नंबर, प्रत्येकापुढे माणसं किती, पुरुष किती, मागचं दार आहे की नाही. सगळं वकीलबाईच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. आणि सगळी घरं पुलापलीकडच्यांची.

“हे काय?”

“सर्वेक्षण,” दादा हसून म्हणाला. “मुलांना समाजाचा अभ्यास नको का?”

बाई जिना उतरल्या. हेवा, राग, अपमान, सगळं त्या एका रकान्यापाशी येऊन गोठलं होतं. मागचं दार आहे की नाही.

त्या मुख्याध्यापकांच्या घरी गेल्या. त्यांनी तिथूनच पोलीस चौकीला कळवलं. तासाभरात एक अंमलदार अभ्यासिकेत जाऊन आला, आणि भिंतीवर त्याला बीजगणिताची सूत्रं दिसली. कागद नव्हता. मुलं म्हणाली, कसला कागद? दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी बाईंना आणि गणिताच्या मॅडमना बोलावून घेतलं.

“त्या मुलीचं नाव काढून टाकतो,” ते म्हणाले. “शाळेला हा वास नको.”

“नाव काढलंत की तिचा आख्खा दिवस त्या माणसाला मोकळा मिळेल,” मॅडम म्हणाल्या. “आता निदान निम्मा आपला आहे.”

बाई स्वतः हेच बोलणार होत्या. मॅडम आधी बोलल्या. तरीही बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, “मॅडम म्हणतात ते खरं आहे. पोलिसांनी त्या माणसावर नजर ठेवावी. मुलगी आपण बघू.” मुख्याध्यापकांनी दोन आठवड्यांची मुदत दिली.

मुदत मिळाली तरी प्रश्न होता तो बोलायचं कुणी. बाईंना त्यात प्रश्नच दिसत नव्हता. पण दोघी लाँड्रीत गेल्यावर मुलीची आई अवघडून म्हणाली, “बाई, रागावू नका. तुमचं नाव काढलं की ती आतून कडी लावते. तुम्हीच पोलीस पाठवलेत म्हणते. या मॅडमचं मात्र विचारत होती, त्या अजून बुटाची नाडी सुटलेलीच घेऊन फिरतात का म्हणून.”

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत विजय असता तर बाईंना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. तिथे फक्त काळजी होती.

“जा तुम्ही,” बाई म्हणाल्या. “पण एक ऐका. तिला पटवायला जाऊ नका. पटवलेलं तिला सोसत नाही. ती काही बोलली की विचारा, हे तुला कसं कळलं? एवढंच विचारा आणि थांबा. मग ती आपली आपण शोधत सुटते.” हे सांगताना आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी तसं त्यांना वाटलं.

मॅडम आत गेल्या. बाई दुकानात थांबल्या. बसून तरी काय करायचं, म्हणून त्या मुलीच्या आईला चादरींच्या घड्या घालू लागल्या. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, ताणायचं, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं. आतून मॅडमचा आवाज क्वचितच यायचा. मुलीचा बराच वेळ आला. वडिलांबद्दल बोलत होती. कारखान्याच्या फाटकावर ते तीन दिवस उभे राहिले होते आणि कुणी त्यांना आत बोलावलं नाही. हे बाईंना माहीतच नव्हतं. चार वर्षांच्या शनिवारांत त्यांनी तिला पुस्तकांबद्दल सगळं विचारलं होतं, घराबद्दल काही नाही.

मग आत ती हसली. लहानसंच, पण हसली. बाईंच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

“चाळीस घड्या झाल्या की हात दुखतात,” मुलीची आई समजुतीनं म्हणाली.

“हो,” बाई म्हणाल्या.

मॅडम तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी दादाचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीनं स्वतःच काढलं. दादा म्हणतो, कारखान्यात आता दहातले नऊ जण पलीकडचे आहेत, त्यांच्यासाठी आमच्या बाबांना काढलं. मॅडम म्हणाल्या, “तुझ्या बाबांवर अन्याय झाला हे खरंच आहे, त्यात मी वाद घालणार नाही. पण दहातले नऊ हे तुला कसं कळलं? कुणी मोजले?” आणि थांबल्या. मुलगी बराच वेळ उशीच्या अभ्र्याची शिवण उसवत राहिली.

चौथ्या दिवशी ती शाळेत आली. खिडकीपाशी एकटीच बसली. बाई वर्गावर गेल्या. हजेरी झाली. त्यांनी पुस्तक उघडलं आणि मिटलं.

“मागच्या आठवड्यात मी इथे एक निबंध वाचून तुम्हाला हसवलं,” त्या म्हणाल्या. “त्यातलं मत मला चुकीचं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण मी मताशी भांडले नाही. ते लिहिणारीला लाजवलं. शिक्षकानं असं करायचं नसतं. आणि खरं कारण सांगते. मला राग मताचा आला नव्हता. तिला माझ्याऐवजी दुसरं कुणी शिकवतंय, याचा आला होता.”

वर्गात चिडीचूप झालं. सव्वीस वर्षांत बाईंच्या वर्गात अशी शांतता झाली नव्हती, आणि ही भीतीची नव्हती.

“आणि चिमणी,” त्या पुढे म्हणाल्या, “ते सगळं तुझ्या घरच्यांबद्दल होतं. तुझ्यासमोर वाचताना तुझा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. तुझीही मी माफी मागते.”

चिमणीनं नुसती मान हलवली. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिली. तास संपल्यावर ती बाईंच्या टेबलावरून गेली ती न थांबता. बाईंना वाटलं होतं की ती थांबेल. अपेक्षा करायला नको होती, पण केली होती.

पुढे काय झालं ते बाईंना मॅडमकडूनच कळत गेलं. शनिवारी वकीलबाई कारखान्याच्या फाटकावर गेली. तिथला हजेरीवाला तिच्या वडिलांच्या ओळखीचा. तो म्हणाला, “अगं पोरी, कामगार राहिलेत कुठे? तीनशे होतो, आता चाळीस आहेत. बाकी सगळं यंत्रावर. पलीकडचे म्हणशील तर बारा. तेही तुझ्या बापाच्याच पाळीतले. पलीकडच्या साठ-सत्तर जणांना काढलं, तेही तुझ्या बापाबरोबरच घरी बसले.” तिनं आकडे वहीत लिहून घेतले आणि ती वही घेऊन अभ्यासिकेत गेली. सगळ्यांसमोर तिनं दादाला विचारलं, “दादा, दहातले नऊ तुम्हाला कसं कळलं?”

दादा नेहमीसारखा हळू बोलला. “आमची वकीलबाई कुणाकडून तरी पढवून आलेली दिसते.” मुलं हसली. मग तो जवळ येऊन म्हणाला, “मोजत बसणाऱ्यांची इथे गरज नाही. पुढच्या रविवारी आपल्याला काम आहे. तू येणार की नाही तेवढं सांग.”

“कसलं काम?” तिनं विचारलं.

“प्रश्न विचारू नकोस,” तो म्हणाला.

जिथे कुणी हसत नाही म्हणून ती गेली होती, तिथेही हसले होते. पण त्यापेक्षा ते शेवटचं वाक्य तिला जास्त लागलं. तिला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. बाईंनीही नाही.

सोमवारी शाळा भरायच्या आधी ती मॅडमकडे आली. दप्तरातून तिनं यादीची कच्ची वही काढली, जिच्यावरून भिंतीवरचा कागद उतरवला होता. मॅडमनी तिच्या आईला बोलावून घेतलं, आणि सगळे मिळून मुख्याध्यापकांकडे गेले. अंमलदार यायच्या आधी मात्र वकीलबाई म्हणाली, “आधी मला चिमणीला सांगायचंय. दुसऱ्याकडून कळायला नको.”

मॅडमनी तिला जाऊ दिलं. चिमणीनं व्हरांड्यात सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच विचारलं, “आमचं घर कितव्या नंबरावर होतं?”

“सतराव्या.”

“मागचं दार लिहिलंस?”

“लिहिलं.”

चिमणी वर्गात गेली. ती रडली नाही, भांडलीही नाही.

त्या रविवारचं काम झालं नाही. पोलिसांनी अभ्यासिकेला कुलूप लावलं. खालच्या दुकानाच्या माळ्यावर जे रॉकेलचे डबे आणि ज्या सळ्या सापडल्या, त्या बघितल्यावर सर्वेक्षण कसलं होतं हे कुणाला विचारायची गरज उरली नाही. दादाला आणि त्याच्या तीन साथीदारांना नेलं. अंमलदारांनी यादीतल्या घरांमध्ये जाऊन लोकांना सावध केलं. तरी सगळं गोड झालं असं नाही. सतरंजीवर बसणाऱ्यांपैकी दोन मुलं घर सोडून गेली, ती कुठे आहेत हे त्यांच्या आईवडिलांना अजून माहीत नाही. ती दुसऱ्या शाळेतली होती. तिथल्या कुणा शिक्षकाला ती कुठल्या बाकावरून उठली ते दिसलं होतं का, असा विचार बाईंच्या मनात येतो आणि त्या तो झटकत नाहीत.

शाळेनं संध्याकाळी एक वर्गखोली उघडी ठेवायला सुरुवात केली. शिक्षक पाळीनं बसायचे. नियम एकच, मुलानं काहीही विचारलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. पहिले काही दिवस बाईंना हा नियम पाळताना जिभेला गाठ मारावी लागली. यंत्रं कामं खातात तर ती आणली कुणी, पलीकडच्यांचे पत्ते पलीकडच्यांना विचारूनच लिहिले असते तर चाललं असतं का, पोलीस नेहमी खरं बोलतात का, असले प्रश्न यायचे. बाईंना बऱ्याच प्रश्नांची उत्तरं येत नसत. तसं त्या आता म्हणू लागल्या.

वकीलबाईही यायची. ती मॅडमच्या टेबलाशी बसायची. बाईंना नमस्कार करायची, कधी शब्दाचा अर्थ विचारायची, पुस्तक मात्र मागायची नाही. चिमणी दोन महिन्यांनी येऊ लागली, तीही दुसऱ्या कोपऱ्यात. एकदा दोघींनी एकच पट्टी वापरलेली बाईंनी पाहिली. त्याचं त्यांनी काही केलं नाही, पाहून ठेवलं.

घरी यजमान चहा पिता पिता म्हणाले, “मुलगी वाचली ना? मग तोंड का उतरलेलं?”

“वाचली हो. पण ती त्यांची झाली.”

“त्यांची म्हणजे?”

“मॅडमची. मी चार वर्षं पाणी घातलं आणि...” त्या थांबल्या. “जाऊ दे. तुम्हाला नाही कळायचं.”

“मला एवढं कळतं,” यजमान म्हणाले, “की तू आपल्या लग्नातल्या फोटोग्राफरवरसुद्धा जळली होतीस, तो माझ्याशी जास्त बोलला म्हणून.”

बाईंना हसू आलं. पण आतलं दुखणं तसंच राहिलं, आणि हे दुखणं आता मुक्कामालाच आहे हे त्यांनी मान्य केलं. मॅडमना त्यांनी ते एकदा सांगूनही टाकलं. मॅडम म्हणाल्या, “मला तुमचा हेवा वाटतो बाई. ती अजूनही बोलताना तुमचीच वाक्यं वापरते.” हे खरं की समजूत घालण्यासाठी, ते बाईंना कळलं नाही. अशा गोष्टीत त्यांचा कान सहसा फसत नसे.

हिवाळा सरता सरता आंतरशालेय वादविवाद स्पर्धा आली. वकीलबाईनं नाव दिलं आणि सोबत म्हणून मॅडमना घेऊन जाणार असं सांगितलं. सव्वीस वर्षं त्या स्पर्धेला शाळेकडून बाईच जात. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. “बोलायच्या आधी ती पाणी पिते आणि मग आवाज बसतो. पिऊ देऊ नका. आणि मुद्दा संपल्यावर ती लगेच पुढे पळते. दोन श्वास थांब म्हणावं. मी सांगितलं म्हणू नका.”

स्पर्धेच्या दिवशी त्या घरीच होत्या. कपाट आवरायला काढलं होतं, आवरत काहीच नव्हतं. दुपारी फोन वाजला. मॅडम असतील म्हणून त्यांनी उचलला. पलीकडे वकीलबाई होती.

“बाई, मी तिसरी आले. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला सांगायला हवं.”

मॅडम म्हणाल्या. बाईंना ते टोचलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

“कुठे अडखळलीस?”

“अडखळले असं कुणी सांगितलं?”

“तिसरी आलीस ना.”

मग वकीलबाई म्हणाली, “दुसऱ्या मुद्द्यावर. समोरच्या मुलानं एक आकडा सांगितला, मला तो खोटा वाटत होता, पण मी त्याला विचारलंच नाही कुठून आणला. मला वाटलं, सगळे हसतील.”

“हसू दे की,” बाई म्हणाल्या. “आकडा कुठला होता?”

ती सांगू लागली. बाईंनी मांडीवरची पुस्तकं बाजूला ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. मागून मॅडम गाडी आल्याचं सांगत होत्या, आणि वकीलबाई त्यांना म्हणत होती, “एक मिनिट थांबा ना मॅडम, माझं बोलणं चाललंय.”